तिळाएवढा भाग

“सेल नवाच हाय, बाई. तुमच्यासमोरच पाकीट फोडलं होतं.”

“मग महिनाभरसुद्धा का टिकत नाही?” सुरभीबाईंनी विचारलं. कोंडाणे गावच्या शाळेतल्या एकुलत्या एका संगणकावर पुन्हा जुनीच तारीख आली होती. तारीख चुकली की मुलांची माहिती भरायची साइट उघडत नसे. “राग मानू नका दशरथकाका, पण सेल हलक्यातले तर येत नाहीत ना?”

दशरथने राग मानला नाही. मोहोपाड्याच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करण्यात त्याची उमर गेली होती. कारखाना बंद पडल्यावर तो आसपासच्या शाळांचे संगणक बघायला लागला. त्याच्या कामावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती. त्याने कॅबिनेट स्कूटरवर पायांपाशी ठेवलं आणि घरी आणलं.

सेल आणि मदरबोर्डच्या मध्ये मीटर लावून पाहिलं. संगणक बंद असताना सेलने फक्त आतलं घड्याळ चालवायचं असतं; त्याला नावापुरता करंट पुरतो. इथे त्याच्या कितीतरी पट जात होता. ओल धरली असेल म्हणून त्याने बोर्ड स्पिरिटने धुतला, उन्हात वाळवला. फरक पडला नाही. मग सेलच्या शेजारचा एकेक भाग तपासत तो एका कपॅसिटरपाशी थांबला. तिळाएवढा. करंट तिथून गळत होता.

तो काढून दुसरा बसवायचा, एवढंच काम. दशरथने सोल्डर गन तापवली. टोक हललं. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तरी हललं.

जयवंता, त्याची बायको, दारातून बघत होती. “ऱ्हाऊ द्या आता. उद्या करा.”

“उद्या काय येगळा हात येनार हाय?” त्याने गन बंद केली.

दुसऱ्या दिवशी तो बोर्ड घेऊन कर्जतला रूपेशच्या दुकानात गेला. रूपेश काम शिकला होता तो दशरथकडेच. आता त्याच्या टेबलावर दिव्याचं मोठं भिंग होतं. दशरथने बोट ठेवून जागा दाखवली. चहा येईस्तोवर जुना भाग निघून नवा बसलाही होता.

“काका, असलं बारीक काय आलं तर हितं आनत जा,” रूपेश हळूच म्हणाला. “कुनाला सांगायची गरज नाय.”

दशरथने चहा संपवला. बोर्ड उचलून तो निघाला.

महिना उलटल्यावर तो शाळेत डोकावला. तारीख बरोबर होती.

“मी तेव्हा उगाच बोलले,” सुरभीबाई म्हणाल्या.

“इचारलंत ते बरंच केलंत. पन फॉल्ट मी काढला, भाग रूपेशनं बसवला. कर्जतला दुकान हाय त्याचं. यापुढं त्यालाच बोलवा.”

त्याने खडू घेतला आणि फळ्याच्या कोपऱ्यात रूपेशचा नंबर लिहायला लागला. सुरभीबाई मोबाइलमध्ये उतरवून घेत होत्या. मध्येच थांबल्या.

“काका, हा एक की सात?”

दशरथने फळ्याकडे पाहिलं. “सात,” तो म्हणाला. खडू खाली ठेवून त्याने उरलेले आकडे तोंडीच सांगितले.