डोळ्यांवरचं ओलं फडकं

माझी बायको तुळसा गेल्याचं कळलं तेव्हा मी अनसिंगला आमच्या घरी तिच्या डोळ्यांची फाइल शोधत होतो. ती अकोल्याच्या दवाखान्यात श्वासाच्या मशीनवर होती. तिथल्या डॉक्टरांनी जुने असतील तेवढे कागद आणायला सांगितले होते, म्हणून मी सकाळच्या पहिल्या गाडीने आलो होतो. फाइल गव्हाच्या कोठीवर सापडली. ती काखेत धरून कुलूप लावत असताना जावयाचा, हर्षलचा फोन आला.

"बाबा, निघाले का तुमी?" तो म्हणाला. मग म्हणाला, "हळू या. आता घाई नाही."

मी फाइल घेऊनच गेलो. डॉक्टरांनी सांगितली होती, म्हणून नेली.

तिच्या पापण्या दीड वर्षापासून खाली यायला लागल्या होत्या. आधी डावी, मग उजवीही. सकाळी बऱ्या असायच्या. दुपारनंतर भाजीच्या जुड्या बांधताना ती मान मागे टाकून, हनुवटी वर करून बघायची, आणि संध्याकाळी चुलीपुढे एका बोटाने पापणी वर धरून भाकरी उलटायची. आम्ही दिवसभर वावरात राबणारी माणसं. संध्याकाळपर्यंत सगळंच अंग खाली येतं, तशा पापण्याही आल्या, असं आम्ही धरून चाललो. नंतर तिला जेवताना भाकरी चावायचाही कंटाळा यायला लागला. तेव्हा आम्ही दातांना दोष दिला.

वाशीमच्या बाजारात तिच्या शेजारी गोमतीबाई बसते. ती एकदा म्हणाली, "तुळसाबाई, झोपीत भाजी विकून राह्यली का तू?" तुळसा म्हणाली, "झोपीतबी तुह्यापेक्षा पक्कं मोजतो मी." दोघी हसल्या. पण घरी येताना तुळसा बसमध्ये पदर कपाळापर्यंत ओढून बसली होती. उतरल्यावर म्हणाली, "मले दाखवाच आता कुठं तरी. बोटानं डोया उघडून किती दिवस पाहू?"

आमची मुलगी अंजू वाशीमला ब्यूटी पार्लर चालवते. तिने तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. पापण्यांवर ऑपरेशन होतं, आणि तेही दोन-तीन प्रकारचं, हे आम्हाला तिच्याकडूनच कळलं.

आता मी जे केलं ते सांगतो.

आमचं दीड एकर वावर आहे, विहिरीचं. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर काढतो. भाजी बाजारात न्यायची असली की आदल्या दिवशी तोडून, धुऊन, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी हर्राशीच्या, म्हणजे लिलावाच्या वेळी पोतं काढलं की पालक उभा राहतो. पडलेल्या मालाला कोणी हात लावत नाही. हे माझ्या बापाने मला शिकवलं. दुसरं फारसं काही मला येत नाही.

डॉक्टरांकडे जायच्या आधी दोन दिवस मी तुळसाला कामाला हात लावू दिला नाही. निजून राह्य म्हटलं. जायच्या दिवशी माठातल्या पाण्यात फडकं भिजवलं आणि बसमध्ये तिच्या डोळ्यांवर ठेवलं. सोबत पाण्याची बाटली होती. फडकं कोमट झालं की पुन्हा भिजवायचो. कार्तिकातली थंडी होती, पाणी बर्फासारखं होतं. ती म्हणाली, "कायले हे? डॉक्टरले दाखवाले चाललो नं आपण, पाहुण्यायले नाही." मी म्हटलं, मोठ्या डॉक्टरापुढे जायचं तर माणूस ताजं दिसलं पाहिजे, मरगळलेला चेहरा पाहिला की ते नीट बघत नाहीत. तिने फडकं पुन्हा डोळ्यांवर ओढून घेतलं. आमचा नंबर आला तेव्हा डॉक्टरांच्या दारात मी फडकं काढलं तर तिचे डोळे चांगले निम्म्याच्या वर उघडले होते. मला बरं वाटलं. मालावर पाणी मारावं तसं झालं होतं.

डॉक्टरांनी लहान पट्टीने तिच्या पापण्या मोजल्या. वर बघ, खाली बघ म्हणाले. मग विचारलं, "दिवसभर असंच असतं का?"

तुळसा बोलायला गेली. ती सुरू झाली की बाजारापासून सुरू करते आणि बाहेर पंचवीस माणसं बसली होती. तिच्या आधी मीच म्हणालो, "असंच असते, साहेब."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी कागदावर डोळा काढून समजावून सांगितलं. वयाने कातडी सैल होते. ती जास्तीची कातडी तेवढी कापून काढायची, हा एक उपाय. टाका पापणीच्या घडीत लपतो, आठ दिवसांत माणूस कामाला लागतो. दुसरा उपाय म्हणजे पापणी उचलणारा आतला स्नायू आखूड करायचा. त्याने पापणी जास्त उचलली जाते, पण कमी-जास्त झालं तर दोन डोळे दोन तऱ्हेचे दिसतात, पुन्हा टाका घालावा लागतो. तिसरा, पापणी दोऱ्याने भुवईला बांधून टाकायची. तो ज्यांची पापणी अजिबात हलत नाही त्यांच्यासाठी असतो. त्यात झोपेत डोळा पुरता मिटत नाही. तुमच्या बाईंची पापणी बरी हलते, त्यांना तिसऱ्याची गरज नाही, पहिल्या दोनांतलं घरी ठरवा आणि या, असं ते म्हणाले. फॉर्मवर तुळसाचं नाव लिहिलं आणि ऑपरेशनच्या नावाची जागा कोरी ठेवली.

मग आम्ही ठरवत बसलो. अंजू म्हणाली कातडीच काढा, स्नायूला हात लावू नका, एक डोळा मोठा झाला तर आईला जन्मभर लोक हसतील. मी म्हणत होतो, करायचंच तर पक्कं करावं, स्नायूचं. तुळसाच्या डोक्यात मात्र तिसरंच बसलं होतं. डॉक्टरांनी नको म्हटलेलं असूनही ती विचारायची.

"त्यानं मेल्यावर तरी मिटतीन नं डोये?"

अंजू चिडायची. "आई, ते तुले करायचंच नाही आहे."

"नाही करायचं, पण इचारून ठेवते माणूस."

शेवटी अंजू म्हणाली, "बाबा, दोन महिने थांबा. लग्नं चालू आहेत, मले पार्लर सोडता येत नाही. मंग मीच आईपाशी राहीन, आपण ऑपरेशन करून टाकू." त्यात चुकीचं काही नव्हतं. आम्ही थांबलो.

पौषात तुळसाला सर्दी झाली, ताप आला. गावातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी तिने पाणी प्यायलं ते नाकातून बाहेर आलं. आवाज घोगरा, नाकातला झाला. मान धरवेना. वाशीमहून अकोल्याला पाठवलं. वाटेत गाडीत ती दोनदा म्हणाली, "श्वास पुरत नाही." त्यानंतर ती माझ्याशी काही बोलली नाही. तिथे नळी घातली.

मी फाइल घेऊन पोचलो तेव्हा तिला वॉर्डातून काढलं होतं. अंजू बाहेर बाकावर होती, हर्षल कागदांवर सह्या करत होता. मी तुळसाला पाहिलं. डोळे मिटलेले होते. कोणाला मिटावे लागले नव्हते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी फाइल माझ्या हातून घेतली आणि उभ्यानेच वाचली. मग विचारलं, "पापण्या सकाळी बऱ्या आणि संध्याकाळी जास्त खाली, असं होत होतं का?"

मी म्हटलं, "होत होतं."

"मग यात दिवसभर सारखंच, असं कसं लिहिलं आहे?"

मी सांगितलं. फडक्याचंही सांगितलं.  मग त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि सावकाश सांगितलं. तो कातडीचा आजार नव्हता. नसांकडून स्नायूंना जो हुकूम जातो तोच नीट पोचत नव्हता, म्हणून वापरला की स्नायू थकायचा, विसावा दिला की सुधारायचा. चावणं, गिळणं, श्वास, सगळं त्यातलंच. गारव्याने अशी पापणी थोडा वेळ वर येते. डॉक्टर स्वतः बर्फ ठेवून ते तपासतात, पण आधीचा डोळा आणि नंतरचा डोळा दोन्ही बघून. तुम्ही आधीचा दाखवलाच नाही.

मी विचारलं, दोन्हींतलं कोणतं ऑपरेशन केलं असतं तर वाचली असती. ते म्हणाले, कोणतंच नाही. यावर गोळ्या असतात. वेळेवर सुरू झाल्या तर बरीच माणसं वर्षानुवर्षं जगतात.

हे ऐकायला खोलीत मी एकटा होतो. बाहेर आलो तेव्हा अंजूने माझा हात धरला आणि म्हणाली, "मी थांबवलं, बाबा. मी थांबा म्हटलं नसतं तं आई ऑपरेशन होऊन घरी असती."

मी म्हटलं, "रडू नको."

तेवढंच म्हटलं. नाही म्हणालो नाही.

तेरवी झाली. गोमतीबाई आली होती, जाताना म्हणाली की तुळसाची जागा तिने अडवून ठेवली आहे, कोणाला बसू देत नाही. मी बाजारात गेलेलो नाही. मेथी फुलावर आली, ती बैलाला घातली.

अंजूने पार्लर बंद केलं आहे. हर्षल सांगतो की ती जेवत नाही, आरशांवर चादरी टाकून बसते. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. रोज तेच विचारते, की त्या वेळी कातडीचं नाही तर स्नायूचं, काहीही करून टाकलं असतं तर. मी ऐकतो. तोंडाशी येतं आणि मागे जातं. तिला सांगितलं तर तिच्यावरचं ओझं उतरेल, पण मग ती मला फोन करणार नाही. आता मला तिच्याशिवाय कोणी नाही. हे कारण चांगलं नाही, हे मला कळतं.

फाइल परत कोठीवर ठेवली आहे. फॉर्मवरची जागा कोरीच आहे. मी खोटं बोललो हे वाशीमच्या डॉक्टरांना कळवलेलं नाही.

आज अंजूचा फोन येऊन गेला. तिला अजून सांगितलेलं नाही.