ढब्बूच्या पोटाची पावडर

टकळीनं चाळणी हलवली आणि सगळं स्वयंपाकघर पिवळं झालं.

भोपळ्याची भुकटी खालच्या परातीत पडायची ती पडायचीच, पण तिच्यातला सगळ्यात बारीक, सगळ्यात हलका कण खाली जायला तयारच नसायचा. खिडकीतून आलेल्या दुपारच्या उन्हात तो तरंगत राहायचा, आणि मग कंटाळला की बसायचा कुठेही. आईच्या केसांवर, बरण्यांच्या झाकणांवर, दाराशी ताणून दिलेल्या ढब्बूच्या नाकावर. ढब्बू झोपेतच शिंकायचा आणि पुन्हा कुठल्याशा स्वप्नात पळायला लागायचा, आडवा पडल्या पडल्या, चारी पायांनी.

"हळू," आई म्हणाली. "अर्धा भोपळा हवेतच घालवशील."

"हवेलाही पोट असेल की. तिचंही साफ होईल."

"झाली हिची सुरू!"

घरात तिला टकळी म्हणायचे ते काही उगीच नाही. त्यातून शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तर तिला धरबंधच उरला नव्हता. दूधवाल्यालाही ती हातवारे करून हिशेब समजावायची. पण या एवढ्या बोलक्या मुलीनं गेला महिनाभर एक गोष्ट पोटात ठेवली होती, आणि ती तिथे काही केल्या पचत नव्हती.

गोष्ट ढब्बूचीच. नाव ढब्बू, पण एके काळी त्याच्या बरगड्या रस्त्याच्या पलीकडून दिसायच्या. खाल्लेलं अंगी लागायचं नाही. चार दिवस बरे गेले की पुन्हा पोट बिघडायचं, पुन्हा उलट्या, आणि मग तो पलंगाखाली शिरून भिंतीकडे तोंड करून बसायचा, जसा काही सगळा त्याचाच गुन्हा. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दुखणं जुनाट आहे, रोजची गोळी चालू ठेवा. गोळी चालू राहिली आणि दुखणंही चालू राहिलं. शेवटी एका सकाळी फरशी पुसता पुसता आई उठून उभी राहिली. "ही गोळी या घरात मला पुन्हा दिसायला नको," ती म्हणाली, आणि तिनं भोपळा चिरायला घेतला.

पातळ काप करून उन्हात वाळवायचे, दळायचे, त्यात भाजलेल्या जवसाची पूड आणि थोडी बडीशेप. ढब्बूच्या जेवणात चमचाभर. हळूहळू ढब्बू पलंगाखालून बाहेर आला. खरं तर त्याच्याबरोबर आईही कुठून तरी बाहेर आली. पूर्वी फोन वाजला की ती "अहो, तुम्हीच घ्या" म्हणायची. आता तीच अनोळखी माणसांना त्यांच्या कुत्र्यांच्या पोटाबद्दल बिनधास्त, सविस्तर, अगदी रंगासकट विचारायची. गल्लीतून, मग गल्लीपलीकडून लोक बरण्या न्यायला येऊ लागले. प्रत्येक बरणीवर ढब्बूचा फोटो आणि खाली आईच्या गोल अक्षरात: गोळीशिवाय बरा झालेला ढब्बू.

आणि महिन्यापूर्वी शाळेत जाताना टकळीनं कोपऱ्यावरच्या भिंतीआड बाबांना पाहिलं होतं. ते उकिडवे बसले होते, समोर ढब्बू. बाबांच्या बोटांवर लोण्याचा गोळा होता आणि त्यात ते एक पांढरी गोळी दाबत होते.

"गिळ रे राजा," बाबा कुजबुजत होते. "आणि आपल्या बाईसाहेबांना सांगू नकोस."

ढब्बूनं सांगितलं नाही. टकळीनंही नाही. आईच्या तोंडावरचं ते नवं तेज पाहिलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. आज सांगू, उद्या सांगू, करता करता चाळणीतून किती भोपळा गेला कोण जाणे.

"आहात का घरात?"

दारात शिंपीणकाकू उभ्या होत्या. गळ्यात मोजायची फीत तशीच, आणि कापडाच्या झोळीत त्यांचा छोटा कुत्रा, कापूस. झोळीतून नुसतं एक पांढरं डोकं आणि दोन ओलसर डोळे बाहेर आले होते.

"या, या! कसा आहे आमचा कापूस?"

"काय सांगू बाई. काल पुन्हा काही पोटात ठरलं नाही. पण आता मी ठरवलंय." काकूंनी दाराशी पडलेल्या, गुबगुबीत, घोरणाऱ्या ढब्बूकडे बोट दाखवलं. "याला बघितलं ना, की धीर येतो. डॉक्टरांची गोळी आजपासून बंद. फक्त तुमची पावडर. दोन बरण्या द्या."

आईनं पदराला हात पुसले. ती इतकं सुंदर हसली, की टकळीला वाटलं हे ऊन, ही पिवळी धूळ, हे सगळं असंच थांबावं. कुणी काही बोलूच नये. आई बरण्या काढायला वळली.

झोळीत कापूस थरथरत होता. थंडी नव्हती तरी.

"काकू, गोळी बंद करू नका."

भाषणाच्या वेळी तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जायचा. आत्ता तो जेमतेम टेबलापर्यंत पोचला.

"का गं?"

"आमचा ढब्बूपण खातो. गोळी. सकाळी फिरायला नेतात ना, तेव्हा बाबा देतात."

आईचा हात फळीवरच राहिला. काकूंनी आईच्या पाठीकडे पाहिलं, मग टकळीकडे, मग उगाचच गळ्यातली फीत सारखी केली.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "मग दोन्ही देते मी. काय?"

"दोन्ही द्या," आई पाठमोरीच म्हणाली. "गोळी थांबवू नका. डॉक्टरांना दाखवून या एकदा."

काकू एकच बरणी घेऊन गेल्या. टकळी बोलणी खायच्या तयारीनं उभी राहिली. डोळ्यांत पाणी तयारच होतं, नुसता धक्का लागायचा अवकाश. पण आईनं टपात कोमट पाणी घेतलं आणि भरलेल्या बरण्या, झाकणं घट्ट करून, एकेक आडवी त्यात सोडली. थोड्या वेळानं बरण्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या सुटायला लागल्या. पाण्यावर एक ढब्बू आला, मग दुसरा, मग पुष्कळ ढब्बू एकमेकांना हलकेच टेकत गोल गोल फिरू लागले. आई त्यांच्याकडे बघत बसली.

"आई, मी..."

"बरं केलंस."

बाबा कामावरून आले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. त्यांनी टप पाहिला, लेकीचा चेहरा पाहिला, आणि एक चप्पल पायात तशीच ठेवून ते उंबऱ्यात थांबले.

"ती गोळी," आईनं विचारलं, भाजी काय आणू विचारावं तशा आवाजात, "उपाशीपोटी द्यायची असते का?"

"हो. उपाशीपोटी."

"मग पावडर सकाळी नको. एकावर एक पडलं तर गोळी अंगी लागायची नाही. संध्याकाळी देत जाईन मी."

"अगं, ऐक तर..."

"ऐकतेय."

"मी ती कधी बंदच केली नव्हती. एकही दिवस नाही." बाबा दुसरी चप्पल काढायला वाकले. "पण नुसती गोळी होती तेव्हा काय हाल होते त्याचे, आठवतंय ना? तुझा भोपळा सुरू झाला तेव्हाच तो उठला. हे मी खोटं बोलत नाही."

टकळीनं मान तिरकी करून त्यांचा चेहरा पाहायचा प्रयत्न केला. खरंच एकही दिवस नाही? की आत्ता, या उंबऱ्यात सुचलेलं? पण ते वाकलेलेच होते, आणि चप्पल काही निघत नव्हती.

आईही बघत होती. खूप वेळ. मग तिनं पाण्यातली एक बरणी काढून निथळवली आणि बाजूचा पाट पायानंच त्यांच्याकडे सरकवला.

"आधी बाह्या वर करा," ती म्हणाली.