मोजा घातलेली घंटा

मी एक घंटा. पितळी, लाकडी मुठीची, एका हातात मावणारी. तरुण पिढीने माझ्या नावाला जो अर्थ चिकटवला आहे तो मला ठाऊक आहे. तेव्हा आधी हसून घ्या, मग पुढे सांगते.

मी देवळातली नव्हे आणि चर्चमधलीही नव्हे. हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे, कारण माझ्या हातून एक चमत्कार घडल्याची बातमी थेट तलासरीपर्यंत पोहोचली होती. त्या बातमीत तथ्य किती होते हे मला सोडून कोणालाच ठाऊक नव्हते, आणि माझे तोंड त्या वेळी बांधलेले होते. ही अलंकारिक भाषा नाही. माझ्या जिभेला, म्हणजे आतल्या लोलकाला, खरोखरच एक निळा मोजा बांधलेला होता.

ओतणाऱ्याच्या हातून जस्ताचे प्रमाण चुकले, म्हणून माझा आवाज जरा किरटा निघाला. शाळेला नेमका तसाच हवा असतो. कासा येथील एका खासगी शाळेत मी पुष्कळ वर्षे काम केले. शाळा भरताना शिव्या खाल्ल्या, सुटताना प्रेम मिळवले; आवाज दोन्ही वेळा तोच होता. माणसांच्या न्यायबुद्धीविषयीचे माझे मत तिथेच पक्के झाले. पुढे शाळेत विजेचा भोंगा आला आणि मला अडगळीच्या खोलीत टाकले.

तिथून मला दीप्तीबाईंनी उचलले. त्या गणित शिकवत. त्यांची मुलगी निधी त्याच शाळेत होती. स्वाध्यायपुस्तिकेतल्या एका त्रिकोणाच्या कोनांची बेरीज चुकली आहे, हे तिने वर्गात दाखवून दिले आणि बक्षीस म्हणून वर्गाबाहेर उभी राहिली. दीप्तीबाईंनी राजीनामा दिला, मुलीचे नाव काढले आणि जाताजाता शिपायाला विचारले, "ही भंगारातच जाणार ना? मग मी नेते."

सरावलीतले त्यांचे घर रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर आहे. यजमान रोशन रणभिसे रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहेत. घर ख्रिस्ती, जेवणाआधी प्रार्थना, रविवारी उपासना, शुक्रवारी प्रार्थनासभा. निधी आणि तिचा धाकटा भाऊ शमुवेल यांची शाळा आता जेवणाच्या टेबलावर भरू लागली. रोशनच्या आईने फोनवरून एकदाच आणि पुरेसे सुनावले : "मिशनच्या शाळेत शिकून तुझा आजा मास्तर झाला, आणि तुझी बायको पोरांची शाळा सोडवते? वा रे शिक्षण!"

टेबलाच्या शाळेचा नियम असा, की मी वाजले की आईची मॅडम व्हायची आणि पुन्हा वाजेपर्यंत मॅडमच राहायची.

"आई, शू लागली."

"इथे कोण आई?"

"मॅडम, शू."

"जा. आणि येताना हात धू."

गणित चुकले की मॅडम रागवत नसत. "परत," एवढेच म्हणत. उत्तर बरोबर आले तरी पुष्कळदा "परत" म्हणत. एकदा बरोबर येणे हा अपघात असू शकतो, असे त्यांचे मत होते. अशा बाईच्या घरात चमत्कार घडावा, हे मला अजूनही चमत्कारिक वाटते.

मग ती आली. काही दिवसांची, मुठीएवढ्या तोंडाची. जन्मदात्रीने तिला सांभाळता येत नसल्याचे सांगून दत्तक संस्थेकडे सोपवले होते. कायम घर मिळेपर्यंत एखाद्या कुटुंबाने तिला सांभाळायचे होते. संस्थेच्या यमुनाताई तिला घेऊन आल्या, तेव्हा सरकारी कागदावर दीप्तीबाईंचा उल्लेख 'योग्य व्यक्ती' असा होता.

"सासूबाईंना फोटो पाठवा याचा," दीप्तीबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"कागदाला काय होतंय? तुझ्या हातची आमटी कुठे चाखलीय सरकारनं?"

बाळाचे नाव चिकू पडले. चिकूच्या बागांमुळे डहाणूच्या आसपास दर तिसऱ्या पोराचे नाव चिकू असते. तिथे कल्पकतेला फार जागा नाही.

चिकूच्या झोपेसाठी घरात शांततेचा कायदा लागू झाला. कुकर कपाटात गेला, डाळ पातेल्यात शिजू लागली. पाढे कुजबुजत म्हटले जाऊ लागले. 'बावीस नव्वे' कुजबुजताना शमुवेल एखाद्या कटात सामील असल्यासारखा दिसे. माझ्या जिभेला त्याचा निळा मोजा घालून वर रबरबँड आवळले आणि मला कपाटावर ठेवले. शाळा आता बोटाच्या इशाऱ्याने भरू लागली. आईची मॅडम केव्हा होते आणि मॅडमची आई केव्हा, याचा काही नेम राहिला नाही.

बाळ मात्र अतिशय गुणी निघाले. मालगाडी जाताना मी मोज्यासकट कपाटावर थरथरत असे, चिकू ढिम्म. शेजारच्या चंपाबेन वाटीभर कढी घेऊन येत आणि कौतुक करून जात.

"ही पोरी तर एकदम साध्वी छे! आमचा जतीन साधा पापड मोडला तरी भोंगा काढायचा. असं पोर मिळणार असेल तर मीपण चार घेते, दीप्तीबेन."

"आम्ही आवाजच करत नाही ना, चंपाबेन. शिस्त लागते," दीप्तीबाई म्हणत.

घरातली शांतता इतकी परिपूर्ण होती की तिच्यात काय लपले आहे, हे कोणाला दिसणे शक्य नव्हते.

चिकू तीनेक महिन्यांची असताना ओट्यावरून स्टीलची परात फरशीवर पडली. शमुवेलने कान झाकले. चंपाबेन पलीकडून ओरडल्या, "शुं पडलं?" निधीने वळून पाळण्याकडे पाहिले. चिकू टक्क जागी होती आणि पंख्याकडे बघून हसत होती.

"आई, ती दचकली नाही."

"सवय झाली असेल."

"कशाची सवय? आपण तर आवाजच करत नाही."

जन्मानंतर कानांची तपासणी व्हायला हवी होती. त्या वेळी यंत्र दुरुस्तीला गेले होते, आणि नंतर ती सगळ्यांच्याच डोक्यातून निसटली. त्यातच नाशिकच्या एका जोडप्याला चिकू दत्तक देण्याचे ठरत होते आणि सोमवारी यमुनाताई बाळाच्या प्रकृतीची विचारपूस करायला येणार होत्या. रोशन हळूच म्हणाले, "असं काही निघालं तर ते लोक मागे सरकतील, दीप्ती." त्या म्हणाल्या, "आणि निघालं नाही, पण आहे, तर?" मूल ऐकत नसेल तर ते जितके लवकर कळेल तितके बरे, कारण पहिल्या महिन्यांत भाषा कोणासाठी थांबत नाही. हे त्यांना माहीत होते. माहीत असणे आणि मान्य करणे यांच्यामध्ये एक शुक्रवार होता.

शुक्रवारच्या प्रार्थनासभेला तलासरीहून तिथल्या चर्चचे देवजी पाळक आले. मनाने सरळ माणूस. आवाज मात्र असा की माईकला स्वतःची लाज वाटावी. त्यांच्याबरोबर ढोलकी, खंजिरी आणि खोलीभर माणसे. त्यांनी चिकूच्या कानांवर हात ठेवून प्रार्थना केली. गाणे टिपेला पोहोचले आणि कोणीतरी म्हणाले, "बघा ना आता ऐकते का!" दीप्तीबाईंनी मला कपाटावरून काढले आणि चिकूच्या तोंडासमोर जोरजोरात हलवले.

चिकूने माझ्याकडे पाहिले. तिचे डोळे माझ्या मागोमाग डावीकडे गेले, उजवीकडे गेले. ती हसली, हातपाय झाडू लागली.

"ऐकलं! ऐकलं तिनं!"

"हालेलुया!"

रोशन रडले. दीप्तीबाईंनी चिकूला छातीशी धरले. कढीची वाटी परत न्यायला आलेल्या चंपाबेनही रडल्या आणि "जय श्रीकृष्ण" म्हणाल्या. त्याला कोणी हरकत घेतली नाही. ढोलकी दुप्पट वेगाने वाजू लागली.

मी मात्र वाजलेच नव्हते.

मोजा तसाच होता. माझ्या आत वाकून बघण्याची कोणालाही गरज वाटली नाही, आणि त्या ढोलकीपुढे मी वाजले काय, न वाजले काय, कोणाला कळणार होते? बाळाने एक चकचकीत पितळी वस्तू हलताना पाहिली होती. त्या दिवशी एवढेच सिद्ध झाले, की चिकूचे डोळे उत्तम आहेत. आयुष्यभर मी माणसांना नको असताना ओरडले, आणि बोलायची खरी वेळ आली तेव्हा माझ्या तोंडात एका सात वर्षांच्या मुलाचा मोजा होता. तोही न धुतलेला.

सोमवारी शाळा भरलेली असताना यमुनाताई आल्या. चहा झाला, बाळाचे वजन झाले. "बाकी सगळं ठीक?" त्यांनी विचारले. "ऐकते वगैरे?"

दीप्तीबाईंनी चिकूचे दुपटे सारखे केले. "हो. घंटेकडे बघितलं, म्हणजे... ऐकते."

"मग नाशिकला तसं कळवते."

टेबलावरून निधीने हात वर केला. "मॅडम, प्रश्न आहे."

'मॅडम' हा शब्द त्या घरात कित्येक दिवसांनी आला होता. दीप्तीबाई वळल्या. "विचार."

"शुक्रवारी घंटेचा मोजा कोणी काढला होता?"

शमुवेल अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाला, "मी नाही. मी तर तो शोधतोय. माझ्याकडे एकच राहिलाय."

दीप्तीबाईंनी मला खाली काढले, उलटे धरले आणि पाहिले. त्यांचा चेहरा मी फार जवळून बघितला. आपले गणित बरोबर आले असे समजून उठलेल्या माणसाला आकडाच चुकीचा उतरवल्याचे दिसावे, तसा तो चेहरा होता. त्या आता मला परत कपाटावर ठेवू शकल्या असत्या. निधीला "मोठ्यांमध्ये बोलू नये" असे म्हणू शकल्या असत्या. हे वाक्य म्हणणारी एक शाळा त्यांनी सोडली होती.

त्यांनी रबरबँड तोडले. मोजा शमुवेलला दिला. पाळण्याच्या मागे, चिकूला दिसणार नाही अशा जागी उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला वाजवले.

मी कासाच्या शाळेत सुटी लागण्याच्या दिवशीही इतकी वाजले नव्हते. यमुनाताईंच्या हातून कप निसटला. गल्लीतले कुत्रे उठले. "आग लागली के?" करत चंपाबेन दारात आल्या. पाळण्यात चिकू पंख्याकडे बघत होती.

"परत," दीप्तीबाई स्वतःलाच म्हणाल्या. मी पुन्हा वाजले, डाव्या कानामागे, मग उजव्या. पंखा फिरत होता. चिकू त्याच्याशी गप्पा मारत होती.

"यमुनाताई, मी मघाशी खोटं बोलले," दीप्तीबाई म्हणाल्या. "खोटं आहे हे मला माहीत नव्हतं, पण माहीत करून घ्यायचंच नव्हतं. ती ऐकत नाही. मुंबईला तपासणी कधी होईल?"

"नाशिकच्या लोकांना सांगावं लागेल."

"सांगा."

"ते कदाचित..."

"सांगा, ताई."

देवजी पाळकांना रोशननी फोनवर सगळे कळवले. ते संकोचतील अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, "पण मी मागितलं काय होतं? 'प्रभू, या लेकराच्या कानाचं काय ते आम्हांला कळू दे.' कळलं की नाही?" या युक्तिवादातली पळवाट मला स्पष्ट दिसते. पण तपासणीच्या दिवशी पहाटे स्वतःची जीप घेऊन तेच आले, हेही मला नमूद करावे लागेल.

तपासणीत जे निघायचे ते निघाले : दोन्ही कान, जवळजवळ पूर्ण. मात्र वेळेत आलात, असे डॉक्टरीण म्हणाली. यंत्रे बसवतील, कदाचित शस्त्रक्रियाही होईल. तोवर ते घर हातांनी बोलायला शिकते आहे. शमुवेलला 'शू' हा शब्द हातांनी येतो आणि तो त्याचा गैरवापर करतो. नाशिकच्या जोडप्याने विचाराला वेळ मागितला होता. परवा त्या बाईंचा फोन आला आणि त्यांनी कानांविषयी काहीच विचारले नाही. "तिला आवडतं काय?" एवढेच विचारले.

"पंखा," दीप्तीबाई म्हणाल्या. ते दोघे रविवारी येणार आहेत. चिकू जाईलही. ती जावी म्हणूनच तर या बाईने खरे सांगितले. आणि ती जाऊ नये असेही तिला वाटते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. हे गणित मॅडमनी अजून कोणाला शिकवलेले नाही.

आणि मी? माझी जीभ मोकळी झाली आणि नोकरी गेली. शाळा भरल्याचे चिकूलाही कळावे, म्हणून आता ट्यूबलाइट दोनदा बंद-चालू करतात. आधी भोंगा, आता ट्यूबलाइट. विजेने माझे दोनदा वाटोळे केले आहे.

तुम्हांला एकच विनंती. कोणी ऐकले, कोणाला पटले, कोणाचे मन बदलले असे जाहीर करण्यापूर्वी घंटा उलटी करून आत बघत चला. मोजा कोणाचा आहे, ते पुढचे.

सध्या माझा मुक्काम पाळण्यात असतो. चिकूच्या हिरड्या शिवशिवतात आणि माझा थंड काठ तिला चावायला आवडतो. पितळेचा मान गेला, लाळ आली. आज सकाळी काठ तिच्या तोंडात असताना शमुवेलने गंमत म्हणून माझी जीभ हलवली. मी काठासकट थरथरत किणकिणले. चिकू चावायची थांबली. तिने मला तोंडातून काढले, दोन्ही हातांत धरले आणि माझ्याकडे एकटक पाहू लागली.

मी कोणताही दावा करत नाही. शमुवेल मात्र ओरडलाच, "तिला कळलं! आई, तिला कळलं!"

निधीने वही बाजूला ठेवली, चिकूच्या डोळ्यांवर अलगद हात धरला आणि माझा काठ पुन्हा तिच्या तोंडाशी नेला.

"परत," ती म्हणाली.