दव न पडणारा ढीग

भामाबाईंची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांना गप्प केलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर तोंडसुख घेणार आहे आणि त्या यादीत माझा नंबर पहिला आहे.

मी शशिकला. नवीन पनवेलला राहते. सुकापूरच्या बाजूच्या एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. वाडीवरची कातकरी पोरं वर्गात आपल्या बोलीत कुजबुजली की मी पट्टी टेबलावर आपटायचे. "घरची भाषा घरी ठेवायची!" पोरं एवढी आज्ञाधारक निघाली की त्यांनी ती घरीसुद्धा ठेवली नाही. आणि निवृत्त झाल्यावर पुण्याच्या एका संस्थेनं मला नेमलं, तेही कशासाठी, तर कातकरी बोली संपत चालली आहे, ती ध्वनिमुद्रित करून जपायला. आधी गळा दाबायचा आणि मग नाडी बघायला जायचं, असला हा प्रकार. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. नवा रेकॉर्डर मिळाल्याचाच आनंद होता.

वाडी म्हणजे वीस-बावीस घरं, आणि समोर रस्त्यापलीकडे दगडी कोळशाचा डेपो. ट्रेलर येतात, कोळसा ओततात, दुसरे भरून नेतात. तीन वर्षांत ढीग वाडीच्या छपरांहून उंच झाला. भामाबाई पासष्टीच्या. सगळा जन्म रानातल्या कोळशाच्या भट्ट्यांवर गेलेला. बोली अस्खलित येणारं वाडीत तेवढं एकच माणूस उरलं होतं. त्यांचा मुलगा बळीराम डेपोत रोजंदारीवर, ढिगावर चढून पाणी मारायच्या कामाला. माझाच विद्यार्थी. त्याला आईची बोली थोडीफार कळायची, बोलता यायची नाही. का यायची नाही ते वर सांगितलंच आहे.

डिसेंबरात मी पहिल्यांदा त्यांच्या ओट्यावर बसले, रेकॉर्डर लावला, तशा भामाबाई घाईघाईनं म्हणाल्या, "बाई, पयलं माजं ऐका. त्या ढिगाचं सांगाचं हाय. आमचा बळीराम..."

"भामाबाई, मराठी नको हं," मी म्हणाले. "मशीन चालू आहे. एकही मराठी शब्द नको. जे सांगायचं ते तुमच्या भाषेत."

आमच्या कामाचा तो पहिला नियम. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग यंत्राकडे पाहिलं आणि त्या सलग अकरा मिनिटं कातकरीत बोलल्या. डोंगर, विस्तव, पोट एवढं मला कळलं. किती सुंदर लय होती! पुण्याहून आलेल्या फॉर्मवर पाच चौकोन होते: गाणं, गोष्ट, कोडं, विधी, शब्द. मी 'गोष्ट'वर खूण केली आणि वर वळणदार अक्षरात लिहिलं, 'पोटात विस्तव असलेला डोंगर'. तक्रारीसाठी चौकोन नव्हता. मरणाऱ्या भाषेत कुणाची काही तक्रार असेल हे फॉर्म करणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या काय बोलल्या ते मला अडीच महिन्यांनी कळलं. तुम्हाला आत्ताच सांगते.

भट्टीत लाकडं रचतात, वर गवत नि माती लिंपतात, आत विस्तव दिवसचे दिवस धुमसतो. आतलं दिसत नाही, म्हणून भट्टीवाला बाहेरून वाचतो. थंडीत पहाटे जिथे दव पडत नाही, तिथे खाली विस्तव. जिथे वास बदलतो, तिथे आत जळून पोकळी झालेली. तिथे पाय ठेवायचा नाही, माणूस कमरेपर्यंत आत जातो. आणि पाणी तर मुळीच मारायचं नाही. वाफ उसळते, भेगा पडतात, भेगांतून वारा आत शिरतो. मातीनं दाबायचं, कोंडून मारायचं. हे सगळं सांगून भामाबाई म्हणाल्या होत्या: डेपोचा ढीग उगवतीच्या अंगानं महिनाभर पहाटे कोरडा आहे. सगळं रान ओलं असतं, तेवढाच कोरडा. त्याखालच्या गटाराचं पाणी काळं झालंय, कडेचं गवत मेलंय, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, पोरं रात्रभर खोकतात. आणि माझ्या मुलाला पाईप देऊन रोज त्याच अंगावर चढवतात. कुणीतरी त्याला खाली उतरवा.

त्यांनी आधी डेपोच्या फाटकावर जाऊन हे सांगितलं होतं. रखवालदारानं हाकललं. बळीरामनं सुपरवायझरला सांगितलं, तर त्यानं विचारलं, "तुझ्या आईकडे कुठली डिग्री आहे रे?" काम सोडावं तर चूल कशावर पेटवायची? मग शाळेच्या बाई मशीन घेऊन आल्या. भामाबाईंना वाटलं, या यंत्रात बोललं की ते वर सरकारात जातं. पुण्यात भाषांतराच्या रांगेत तो आवाज तसाच पडून राहिला.

रांगेतून तो बाहेर आला, पण भाषांतरासाठी नाही. फेब्रुवारीत मातृभाषा दिनाला पनवेलच्या एका सभागृहात संस्थेचा कार्यक्रम होता. प्रकल्पप्रमुख सत्यजीत सरांना माझी ती 'गोष्ट' फार आवडली. पडद्यावर वारली चित्रांतली पांढऱ्या रेघांची नाचणारी माणसं, मागे भामाबाईंचा आवाज. मग खुद्द भामाबाईंना शाल-श्रीफळ, आणि माईकवर विनंती, "आजी, दोन शब्द. आपल्या गोड भाषेत!"

माईक हातात आल्यावर भामाबाईंनी तेच सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज चढला होता, डोळ्यांत पाणी होतं, मोकळा हात सारखा सुकापूरच्या दिशेला जात होता. दीडशे माणसं होती. पहिल्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "काय अभिनय आहे ना!" सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आज तो आवाज आठवला की स्वतःच्याच हातांची किळस येते.

चौथ्या दिवशी सकाळी बळीराम पाईप घेऊन ढिगावर चढला. उगवतीच्या बाजूला कवच खचलं आणि तो मांड्यांपर्यंत आत गेला. वर पाणी चालूच होतं. लोकांनी ओढून काढलं, पण दोन्ही पाय गुडघ्याखाली राहिले नाहीत. उघडा पडलेला ढीग सहा दिवस जळत होता. पिवळट धूर वाडीवर बसून राहिला, दोन तान्ही बाळं दवाखान्यात गेली आणि जवळच्या कॉलनीतल्या लोकांनी खिडक्या लावून एसी चालू केले. विझवायला शेवटी काय आणलं? माती. डंपरच्या डंपर माती.

त्यानंतर मी वाडीवर गेले. भामाबाई माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "बाई, मी मशिनीत सांगलं व्हतं. ते वर गेलं नाय का?" मी रेकॉर्डरवर तो डिसेंबरातला आवाज लावला. त्या एकेक वाक्य मराठीत सांगत गेल्या, मी लिहीत गेले, आणि तेव्हा मला समजलं की मी काय टेप करून ठेवलं होतं.

चौकशी डेपोच्याच ऑफिसात झाली. आत एसी, बाहेर धूर. डेपोचा मॅनेजर थंडपणे म्हणाला, "आधी कुणाचाही इशारा मिळालेला नाही. कामगार स्वतःच्या जबाबदारीवर चढला."

मी रेकॉर्डर टेबलावर ठेवला. "हा घ्या इशारा. डिसेंबरातला. तारखेसकट."

चौकशीला आलेल्या सरकारी अधिकाऱ्यांनी अर्धं मिनिट ऐकलं. "मॅडम, ही कुठली भाषा? अधिकृत भाषांतरकाराचा शिक्का लागेल."

"या भाषेचा अधिकृत भाषांतरकार आहे का तुमच्या यादीत?"

"नाही."

"मग भामाबाईंनाच विचारा की!"

"त्या आता मराठीत सांगतील तो घटनेनंतरचा जबाब झाला. आधीचा कसा धरायचा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅनेजरनं एक कागद पुढे सरकवला. कुठून मिळवला कोण जाणे, संस्थेच्या वेबसाइटवरून असेल. माझा फॉर्म. माझं वळणदार अक्षर. "मॅडमनी स्वतःच लिहिलंय सर. गोष्ट आहे ती. शीर्षकसुद्धा दिलंय."

ऑफिसात सगळे माझ्याकडे बघत होते. भामाबाईंना कागद वाचता येत नव्हता, पण माझा चेहरा वाचता आला. त्या खुर्चीवरून उठल्या.

"बाई, तवा तुमी बोललात, मराठी नको. आता हे सायेब बोलतात, मराठीच पायजे. माज्या बळीरामाचे पाय कंच्या भाषेत जळले, तेवढं सांगा मना."

जबाब टाइप करणाऱ्या निशा नावाच्या मुलीचे हात कीबोर्डवर थांबले होते. तिनं साहेबांकडे पाहिलं. "सर, हे घ्यायचं का?"

"ते विषयाला सोडून आहे," साहेब म्हणाले.

"घ्यायचं," मी म्हणाले. वर्गात लावायचे तसा आवाज लागला होता आणि मला त्याची लाज वाटली नाही. "शब्दन्‌शब्द घ्या. आणि त्याखाली माझा जबाब घ्या. इशारा डिसेंबरात दिला गेला होता. तो ज्या बाईला दिला, तिनं आधी त्याची मराठी बंद केली, मग त्याला गोष्ट म्हटलं आणि शेवटी त्यावर टाळ्या वाजवल्या. तिचं नाव शशिकला. सही मी करते."

साहेब पेन फिरवत राहिले. निशानं मान खाली घातली आणि टाइप करायला लागली.