कवेलूवर फेकलेली दाढ

खुशबूची दाढ किडली आणि तिच्या आजोबाला, बाबुलालला, हुरूप आला. न विचारता सल्ला देण्यात या माणसाचा हात धरणारं अख्ख्या एकोडी गावात कुणी नव्हतं.

"दुधाचीच तं हाय! उपटून टाका, नवी येते," असं बजावत तो लेकीला, सरिताला, आणि सात वर्षांच्या नातीला घेऊन साकोलीच्या दवाखान्यात आला. थंड पाणी लागलं की पोर कळवळायची. सरितालाही वाटलं, जाऊ दे एकदाची ब्याद.

डॉक्टरबाईंनी तोंडात छोटा आरसा घालून पाहिलं. "या जागेवरचा दात आधी कधी पडला होता का?"

"नाही जी. हे मागूनच निघाली, मागच्या साली," सरिता म्हणाली.

"मग ही दुधाची नाही. सहाव्या वर्षाच्या सुमाराला सगळ्या दातांच्या मागे येते, एकही दात न पाडता. म्हणून तर माणसं फसतात. कायमची दाढ आहे ही. कीड वरवरच आहे, भरून देते. उपटली तर तिथं पुन्हा काही येणार नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

सरिताची जीभ आपसूक गालाआडच्या रिकाम्या जागेवर गेली. ती खुशबूएवढीच असताना बाबुलालनं सानगडीच्या बाजारात दात काढणाऱ्याकडून तिचीही अशीच दाढ काढवली होती. नवी यावी म्हणून ती तिनं अंगणातून घराच्या छपरावर, कवेलूवर फेकली आणि रोज आरशात बघत राहिली. दाढ काही आली नाही. "तुलेच नीट फेकता नाही आली," बाबुलाल म्हणाला, आणि पोरीनं ते खरं मानलं. इतकं खरं, की खुशबूचा पहिला दात पडला तेव्हा फेकायला तिनं शेजारच्या बेबीबाईला बोलावलं होतं. आता तिला रागही आला आणि रडूही.

"बाबा, काय करू मंग? काढू?" तिनं मुद्दाम विचारलं.

बाबुलालनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग खुशबूकडे. "भरून द्या, बाई," तो डॉक्टरबाईंना म्हणाला.

दाढ भरून झाली. बसस्टँडवर खुशबू आ करकरून दिसेल त्याला दाढ दाखवत होती. बाबुलाल सरिताच्या शेजारी येऊन बसला.

"सरिता," तो म्हणाला.

"काय जी?"

"तुयी फेक बराबर होती वो, बाई. दाढ कवेलूवरच पडली होती. म्या पायली होती."