म्हातारीची निर्दोष सुटका

गॅरेजवाल्या मिस्त्रीची मोटरसायकल तीस वर्षांची होती आणि तिच्याबद्दल कोणी वावगा शब्द काढलेला त्याला खपत नसे. घरात तिला म्हातारी म्हणत. सकाळी ती सुरू झाली की अर्धी गल्ली जागी व्हायची आणि उरलेली अर्धी खोकत उठायची.

गॅरेजच्या वर घर, घराच्या वर गच्ची आणि गच्चीवर बायकोच्या दोऱ्या. प्रसूतिगृहाच्या चादरी धुऊन द्यायचं काम ती बारा वर्षं करत होती. हल्ली मात्र चादरींवर बारीक काळे ठिपके दिसू लागले होते. मेट्रनबाईंनी दोनदा चादरी परत पाठवल्या आणि पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे देऊ, असा निरोप धाडला. बायकोने ठिपका बोटाने चोळला, वास घेतला आणि सरळ म्हातारीचं नाव घेतलं.

तशातच लेकीने विजेवरची मोटरसायकल आणली. ती दारात आली कधी आणि गेली कधी, पत्ता लागत नसे. मिस्त्री इंजिनाला कान लावून दुखणं ओळखणारा माणूस. त्याला ही मुकी गाडी म्हणजे अपमानच वाटला. जेवताना त्याने तोफ डागली. वीज काय आभाळातून पडते? तिकडे कोळसा जाळतात, म्हणून इकडे ही साळसूदपणे फिरते! लेकीने कबूल केलं की कोळसा जळतो, बॅटरी बनतानाही हवा काही शुद्ध होत नाही. पण सगळं धरलं तरी उभ्या आयुष्यात पेट्रोलवालीचाच धूर जास्त भरतो. बायकोला त्या वादात रस नव्हता.

"कोळशाचं धुराडं माझ्या दोरीखाली नाही," ती म्हणाली. "तुमची म्हातारी आहे."

मिस्त्रीने पैज मारली. आठवडाभर म्हातारी ताडपत्रीखाली राहील, सगळे लेकीच्या गाडीने जातील. चादरी पांढऱ्याशुभ्र निघाल्या तर तो स्वतःच्या हाताने म्हातारीला भंगारात घालेल. नाही निघाल्या, तर पुन्हा तिचं नाव काढायचं नाही. बायकोला इतकी खात्री होती की निकालासाठी तिने मेट्रनबाईंनाच बोलावून टाकलं.

तो आठवडा मिस्त्रीने कसाबसा काढला. सुटे भाग आणायला तो लेकीच्या मागे चोरासारखा बसून जाई आणि घरी आला की ताडपत्रीवरून हात फिरवी. नशिबाने गॅरेजात गिऱ्हाइकांची रीघ लागली होती, त्यामुळे दुःख विसरायला काम भरपूर होतं.

आठव्या दिवशी मेट्रनबाई गच्चीवर आल्या, चष्मा पुसला आणि एक चादर उजेडात धरली. ठिपके होते. आधीपेक्षा जास्तच होते. बायकोचा चेहरा उतरला, पण मिस्त्रीला आभाळ ठेंगणं झालं होतं. त्याने म्हातारीची निर्दोष सुटका जाहीर केली आणि मेट्रनबाईंसाठी चहा मागवला. चहा पिताना बाईंनी सहज विचारलं, धंदा कसा काय चाललाय.

"विचारू नका," मिस्त्री म्हणाला. "या आठवड्यात एकोणतीस गाड्या केल्या. एकेक गाडी पाव-पाव तास चालू ठेवून, कान लावून तपासली. असं काम आता कोणी करत नाही."

"एवढ्या गाड्या? कुठे?"

मिस्त्रीने ऐटीत कठड्यावरून खाली बोट दाखवलं, बरोबर दोरीच्या खाली. आणि ते बोट तसंच राहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मेट्रनबाईंनी शेवटचा एक आठवडा दिला आणि अर्धा चहा टाकून त्या गेल्या. बायकोने सगळ्या चादरी उतरवल्या आणि पुन्हा टबात घातल्या. सोड्याने सोललेली तिची बोटं मिस्त्री बघत राहिला. ती कडकडून भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. आता त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवसापासून गॅरेजात एकही इंजिन सुरू करायचं नाही, असं त्याने ठरवलं. खोलायचं, जोडायचं ते इथे. चालू करून बघायचं ते पार गल्लीपलीकडच्या ओसाड मैदानावर. तीन गाड्या ढकलल्या आणि त्याची कंबर धरली. मग लेकीने आपल्या गाडीला दोर बांधला आणि एकेक गाडी ओढून नेली.

शेवटी म्हातारी निघाली, कारण नियम तो नियम. पुढे बिनआवाजाची लेक, मागे दोराला बांधलेल्या म्हातारीवर ताठ मानेने मिस्त्री. न्हावी वस्तरा हातात घेऊनच दुकानाबाहेर आला. गल्लीतल्या प्रत्येकाची गाडी कधी ना कधी बंद पडली होती, पण आपली कधी पडली नाही, हे मिस्त्रीने दाढी करून घेताना त्याला हजारदा ऐकवलं होतं.

"काय मिस्त्री," अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात न्हाव्याने विचारलं, "म्हातारी बंद पडली?"

खरं उत्तर मिस्त्रीच्या ओठांवर आलं होतं. पण ते सांगायचं तर ठिपक्यांची कथा गावभर झाली असती आणि बायकोच्या धुण्याला बट्टा लागला असता. त्याने वर पाहिलं. ओली चादर तशीच हातात धरून ती कठड्याशी उभी होती.

"पडली बाबा," मिस्त्री म्हणाला. "चल गं पुढे."