बडगीने प्यायलेली मिरची

“अक्का, तुमच्या मिरचीला जगात कोणी विचारतं तरी का?”

मित्रांनो, हा प्रश्न मोहिनीचा. मुलगी नववीतली, पण भिकुबाई अक्कांसमोर असं बोलायची छाती आमच्या गल्लीत मोठ्यांचीही नाही. मैत्रिणींनीच तिला डिवचलं होतं, “जा, विचारून दाखव, मग तुला मानू!” आणि त्या दाराआड लपून खुदखुदत होत्या. अक्का लसूण सोलत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, “जग आजून मन्हाकडे उनं नही. उनं की इचारसू.” म्हणजे जग आलं की विचारीन म्हणे!

मी तिथेच ओट्यावर होते. मी एक जुनी बडगी आहे. होडीसारखी लांबट, लाकडाची, वांग्याचं भरीत कुटायची. आज नशिराबादमध्ये मला सगळे ओळखतात, पण माझा जन्म शिरपूरकडचा. सातपुड्यातल्या एका सागाच्या खोडातून सुताराने मला कोरलं आणि अक्कांच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी मला रुखवतात मांडलं. म्हणजे अक्का आणि मी एकाच दिवशी सासरी आलो. अक्कांची बोली अजून तिकडचीच, कुटायची रीतही तिकडचीच. आधी निखाऱ्यावर भाजलेली हिरवी मिरची आणि लसूण. त्यांचं लोणी झालं की मगच वांगं.

गल्लीच्या चंपाषष्ठीचं भरीत बावीस वर्षं माझ्यातच झालं. काय कौतुक व्हायचं माझं! पण गेल्या वर्षी मीठ जरा जास्त पडलं आणि कुजबुज सुरू झाली, “अक्कांचा हात आता चुकतो.” केटरिंगवाले भिकनभाऊ तर तोंडावर म्हणाले, “अक्का, अजून एक वर्ष बघू. नाही जमलं तर पुढच्या वर्षी भरीत आमच्या मशीनमध्ये.” घरी आल्यावर अक्कांनी मला तेलाचा हात दिला, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

आता मोहिनीचं ऐका. तिच्या गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत मिरच्यांचं अख्खं जग भरलेलं! आभाळाकडे तोंड करून उगवणारी केरळची कांतारी. मेक्सिकोची जाडजूड हालापेन्यो. आणि आसामची भूत मिरची, जिच्या बिया दीपनगर कॉलनीतल्या एका आसामी काकूंनी दिल्या होत्या. कोण कुठे मिरची कशी खातं, हे सगळं तिच्या वहीत. मेक्सिकोतही मिरची भाजून तीन पायांच्या दगडी खलात कुटतात, हे तिने अक्कांना सांगितलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, “तीन पाय? मंग कुटताना पळत नही का तो?”

गच्चीचं पाणी खालच्यांच्या पापडांवर गळायचं. म्हणून तिच्या पप्पांनी, नीलेशभाऊंनी, शेवटचं बजावलं होतं, “आता एक जरी तक्रार आली ना मोहिनी, सगळे डबे खाली!”

चंपाषष्ठीच्या आदल्या दुपारी अक्का वांगी आणायला बाजारात गेल्या आणि मोहिनी तिच्या मैत्रिणीला, रूपाला, घेऊन आली. पदरात, म्हणजे ओढणीत, मिरच्याच मिरच्या!

“अगं, अक्कांची बडगी कशाला? घरी मिक्सर नाही का?” रूपा घाबरली.

“तुलना म्हणजे तुलना! सगळ्यांना एकच भांडं, एकच मुसळी. आणि आपली मिरची बडगीत कुटायची नि परदेशी मिक्सरमध्ये, हा अन्याय नाही का?”

विचारायचं मात्र तिच्या डोक्यातच आलं नाही. आधी आपली लवंगी, मग हालापेन्यो, मग कांतारी. जिभेला लावायचं, वहीत लिहायचं. “ही हालापेन्यो तर सिमला मिरचीची लाजाळू बहीण निघाली गं!” शेवटी भूत मिरची, तीन-चार. रूपाने काडीच्या टोकाएवढी चाखली आणि अंगणात तीन चकरा मारल्या. दोघी पोट धरधरून हसल्या. मग तीन पाण्यांनी मला धुऊन जागच्या जागी ठेवून गेल्या.

पण मित्रांनो, मिरचीची आग पाण्याने जात नाही. माझ्या तळाला एक जुनी बारीक भेग आहे. त्या भेगेत भूत मिरचीचा गर गेला, बिया गेल्या. आणि लाकूड तर पितंच. मी सगळं प्यायले.

दुसऱ्या दिवशी अक्का कुटायला बसल्या. वाफाळलेली वांगी माझ्यात पडली, मुसळीचे घाव बसायला लागले आणि भेगेतलं सगळं वर यायला लागलं. मला कळत होतं, पण सांगू कुणाला? आधी कडेच्या बाया खोकल्या. मग अक्कांच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

“इतली तिखी मिरची कोठेन उनी व माय?”

“मिरची तर नेहमीचीच आहे, अक्का,” मोहिनीची आई सारिका म्हणाली. “थोडं चाखून बघा ना.”

“निवद दखाडा बिगर मी चाखस नही.”

खंडोबाला नैवेद्य दाखवल्याशिवाय भरीत चाखायचं नाही, ही रीत. बावीस वर्षांत अक्कांनी ती मोडली नव्हती. मोहिनी पाण्याची कळशी घेऊन दारात उभी होती. तिने खोकणाऱ्या बायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिला कळलं! ओढणीचं टोक ती बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

बोलली तर गच्चीवरचे डबे जाणार. गप्प बसली तर अक्कांचा मान जाणार.

भरीत फोडणीत पडलं. नैवेद्य गेला. तळी भरली, “येळकोट येळकोट जय मल्हार!” झालं. पंगत बसली, पहिल्याच पाटावर भिकनभाऊ. पानात भरीत, बाजरीचा रोडगा, पातीचा कांदा. भिकनभाऊंनी घास मोडला, उचलला...

“थांबा! कोणी खाऊ नका!”

कळशी दाणकन खाली आली. “अक्कांचा हात चुकला नाहीये. काल मी बडगीत आसामची भूत मिरची कुटली. अक्कांना न विचारता.”

“मोहिनी!” नीलेशभाऊ ओरडले. भिकनभाऊ मात्र हसले. “अरे, आपण खान्देशी माणसं! आपल्याला काय मिरचीची भीती दाखवते ही पोरगी?” आणि त्यांनी घास तोंडात टाकला.

पुढचं काय सांगू! आधी त्यांचे कान लाल झाले, मग टक्कल. चार ग्लास मठ्ठा संपला तरी त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

अक्कांनी बोटाच्या टोकावर भरीत घेतलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. “चव शे,” त्या म्हणाल्या. “पन भलतं तिखं शे. उरेल वांगा भुंजी काढा. मिरची नका टाकू. बठ्ठं एकत्र करा.”

उरलेली वांगी भाजून त्या दुप्पट वांग्यांत ते भरीत मिसळलं. लोक सू-सू करत, नाक पुसत जेवले. दोघांनी तर पुन्हा मागून घेतलं. अक्कांचं नाव राहिलं.

पण भिकनभाऊंना वाचा फुटली ती माझ्यावर. “ती बडगी घाला चुलीत! आता तिच्यात जे कुटाल ते जहरच होणार.” खोटं म्हणावं तर खोटंही नव्हतं. कोणीतरी मला उचललं. वांगी भाजायला पेटवलेल्या कपाशीच्या काड्या अजून धगधगत होत्या, त्यांची आच माझ्या तळाला लागली. अक्का माझ्या भेगेकडे बघत राहिल्या.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना तोंड नसतं. आम्हाला वापरण्याआधी निदान आमच्या माणसाला तरी विचारा. आणि आमच्यात काही बिघडलं तर लगेच आग दाखवू नका. थोडा धीर धरा. हे मला तेव्हा ओरडून सांगायचं होतं. पण माझ्याआधी मोहिनीच पुढे झाली. तिने मला त्या हातांतून ओढून घेतलं, छातीशी धरलं आणि आईवडिलांसमोर जाऊन उभी राहिली.

“पप्पा, डबे काढायचे तर काढा, मी रडणार नाही. पण आई, अक्का हो म्हणाल्या तर ही बडगी आजपासून आपल्या घरी. हिच्यातला तिखटपणा जाईपर्यंत रोज हिच्यात काहीतरी कुटायचं, आणि ते मी एकटीने खायचं. मी ठरवलंय.”